कलम २७ काढलं, एवढ्यानं भागत नाही

मागच्या अंकात अमली पदार्थांच्या कायद्यावर, म्हणजे १९८५च्या एनडीपीएस ॲक्टवर लेख छापला. त्यानंतर ठाणे आणि नवी मुंबईतून पत्रं आली, आणि बहुतेक पत्रांत कुरबूर एकच होती : गांजाचा कायदा बदलायला हवा यावर सगळ्यांचं एकमत, पण कसा बदलायचा म्हटलं की खुर्च्या सरकतात. त्यातले निवडक प्रश्न आणि या विषयात काम करणाऱ्यांनी दिलेली उत्तरं इथे देत आहोत. लिहिणाऱ्यांची नावं गाळली आहेत.

आमच्या अभ्यासगटात २२ जण आहेत. निम्म्यांना ‘गांजा पूर्ण कायदेशीर करा’ अशी मागणी हवी, उरलेल्यांना ‘फक्त कलम २७ काढा, पिणाऱ्याला जेल नको’ एवढंच. मागच्या रविवारी दोघं उठून गेले. बरोबर कोण? (ऐरोली)

दोन्ही मागण्या अर्धवट लिहिल्या आहेत, म्हणून दोन्ही बाजूंना आपणच बरोबर असं वाटतं. कायद्यात ओढणं, जवळ बाळगणं, झाड लावणं आणि विकणं या चार वेगळ्या गोष्टी आहेत आणि प्रत्येकीची शिक्षा वेगळी आहे. तुमची घोषणा या चारींना एका दमात हाक मारते.

ओढणं कलम २७मध्ये येतं. गांजा-चरससाठी ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाळगणं येतं कलम २०मध्ये. गांजा १ किलोच्या आत किंवा चरस १०० ग्रॅमच्या आत असेल तर ते ‘अल्प प्रमाण’. त्याला १ वर्षापर्यंत कैद किंवा १०,००० दंड किंवा दोन्ही. गांजा २० किलोच्या वर, चरस १ किलोच्या वर गेला की कोर्टात ज्याला सगळे कमर्शियल, म्हणजे व्यापारी प्रमाण, म्हणतात ते. त्याला किमान १० आणि कमाल २० वर्षं, दंड १ ते २ लाख. मधल्या पट्ट्याला १० वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड. झाड लावणंही कलम २०मध्येच आहे, पण तिथे वजनाच्या पायऱ्याच नाहीत. बाल्कनीतल्या कुंडीतलं एक रोप असो की डोंगरातलं अख्खं शेत, कमाल १० वर्षंच लिहिली आहेत.

आता ‘कलम २७ काढा’ ही मागणी मान्य झाली असं धरा. पोरानं कोपऱ्यावर ओढलेली सिगारेट सुटली, पण खिशातली ५ ग्रॅमची पुडी कलम २०मध्ये जशीच्या तशी उरली. ओढण्याआधी ती कुठेतरी बाळगावी लागतेच. २००१च्या दुरुस्तीपूर्वी स्वतःपुरतं थोडं बाळगणंही कलम २७मध्येच होतं, त्यामुळे जुने कार्यकर्ते अजून ‘२७, २७’ करतात. दुरुस्तीनंतर ते कलम २०मध्ये गेलं, घोषणा मात्र तिथेच राहिली. गंमत म्हणजे कलम ३३मुळे प्रोबेशनची, म्हणजे जेलऐवजी चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सुटण्याची, सवलत कलम २७वाल्या प्रौढाला मिळू शकते, पुडीवाल्याला नाही. म्हणजे ओढलेला माणूस थोडा बरा, न ओढता खिशात ठेवलेला वाईट.

दुसरी चूक याहून महागात पडणारी आहे. परदेशी मसुद्यातून ‘२८ ग्रॅमपर्यंत माफ’ हे वाक्य उचलून बरेच गट आपल्या निवेदनात घालतात. कॅलिफोर्नियात एक औंसाची मर्यादा आहे, तिथून आकडा आला. आपल्याकडे गांजाचं अल्प प्रमाण आधीच १००० ग्रॅमचं आहे. ‘अल्प प्रमाण म्हणजे २८ ग्रॅम आणि त्याला शिक्षा नाही’ असं कुणी लिहून दिलं आणि ते तसंच छापलं गेलं, तर २९ ग्रॅमवाला आजच्या एका वर्षाच्या गुन्ह्यातून उचलून १० वर्षांच्या गुन्ह्यात टाकला जाईल. सुधारणावाद्यांनी स्वतःच्या हातानं शिक्षा दसपट केली असं होईल. हे प्रमाण १९ ऑक्टोबर २००१च्या केंद्राच्या अधिसूचनेनं ठरलेलं आहे. ते बदलायला संसदेत विधेयक लागत नाही, राजपत्रातली एक अधिसूचना पुरते. म्हणून त्याला हात लावताना दहादा विचार करा.

तेव्हा मागणी अशी लिहा : कलम २७मधलं गांजा-चरसचं सेवन आणि कलम २०मधलं अल्प प्रमाणाचं बाळगणं, दोन्ही गुन्ह्याच्या यादीतून काढा; अल्प प्रमाणाचा आकडा आहे तोच ठेवा; घरच्या रोपांसाठी संख्येची मर्यादा घालून वेगळं पोटकलम करा. विक्रीचं काय करायचं हे ‘अजून ठरलेलं नाही’ अशा शीर्षकाच्या दुसऱ्या कागदावर लिहा आणि तो कागद प्रत्येक बैठकीत टेबलावर ठेवा. उठून गेलेले दोघं बहुधा या दुसऱ्या कागदासाठीच भांडत होते.

आमच्या आमदारांच्या कार्यालयातून सांगितलं, ‘पुढच्या अधिवेशनात विषय मांडतो.’ गटातले काही जण म्हणतात, राज्याचा संबंधच काय? (नौपाडा)

संबंध आहे, पण गांजाच्या पुडीशी नाही. एनडीपीएस केंद्राचा कायदा आहे. २०२१ साली त्यातल्या दुरुस्त्यांसाठी केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या महसूल विभागानंच इतर मंत्रालयांकडून सूचना मागवल्या होत्या. अमली पदार्थ नियंत्रण ब्युरो गृह मंत्रालयाकडे आणि व्यसनमुक्ती सामाजिक न्याय मंत्रालयाकडे. निवेदन फक्त गृहमंत्र्यांच्या नावानं पाठवलं तर ते चुकीच्या पायरीवर चप्पल काढल्यासारखं होतं.

राज्याच्या हातात तीन गोष्टी आहेत. कलम १०नुसार वैद्यकीय-वैज्ञानिक कामासाठी परवाने. कलम १४नुसार धागा आणि बियांसाठी लागवडीला परवानगी. आणि भांग. एनडीपीएसमध्ये गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. शेंड्यांशिवायची पानं आणि बिया त्यात येत नाहीत, म्हणून पानांची भांग केंद्राच्या जाळ्यातून सुटते. महाराष्ट्रात मात्र १९४९चा दारूबंदी कायदा तिला धरतो. कलम ६६खाली विनापरवाना भांग बाळगणं हा गुन्हा आहे. हे कलम बदलायचा अधिकार आपल्याच विधिमंडळाला आहे. आमदारांना मागायचं तर हे मागा, आणि प्रश्न नुसता ‘मांडून’ विरू नये म्हणून सोबत विधिमंडळाच्या विनंती अर्ज समितीकडे अर्ज द्या. भांगेची मागणी छोटी वाटते म्हणून ती हसण्यावारी नेणारे प्रत्येक गटात असतात. पण ठाण्यात बसून राज्याचा कायदा बदलता येईल अशी या विषयातली ती जवळजवळ एकमेव जागा आहे.

परदेशातल्या चळवळीतही असेच वाद झाले म्हणतात. ‘मिळेल ते घ्या’ आणि ‘वाईट मसुदा पाडा’ यातलं तिथे काय खरं ठरलं? (कोपरखैरणे)

दोन्ही, पाळीपाळीनं. तीन उदाहरणं नीट पाहण्यासारखी आहेत.

कॅलिफोर्नियात औषधी वापराला १९९६मध्येच मतदारांनी मान्यता दिली होती. २०१०मध्ये नशेसाठीच्या वापरालाही मान्यता देणारा ‘प्रपोझिशन १९’ हा मसुदा मतदानाला आला : २१ वर्षांवरच्यांना एक औंस, घरी २५ चौरस फुटांची लागवड. तो ४६.५ टक्क्यांवर पडला. हम्बोल्ट, मेंडोसिनो, ट्रिनिटी हे तीन जिल्हे पिढ्यान्‌पिढ्या गांजा पिकवणारे, तिथेही विरोधात मत गेलं. भाव कोसळेल आणि शहरातले मोठे परवानेवाले आपल्याला गिळतील, ही तिथल्या छोट्या शेतकऱ्यांची भीती. १९९६च्या लढाईचा चेहरा असलेले डेनिस पेरॉनसुद्धा विरोधात होते. २०१६मध्ये ‘प्रपोझिशन ६४’ सुमारे ५७ टक्क्यांनी निघालं. त्यात छोट्यांसाठी एक कुंपण घातलं होतं, २०२३पर्यंत मोठ्या लागवडीचे परवाने नाहीत. मात्र २०१७च्या शेवटी आलेल्या नियमांनी एकाच माणसाला हवे तितके छोटे परवाने एकावर एक रचायची मुभा दिली. कुंपण उभंच राहिलं, गाई शेजारच्या फाटकातून आत आल्या. मतदारांनी मंजूर केलेला मजकूर एक आणि अधिकाऱ्यांनी केलेले नियम दुसरे, हा धडा आपल्यालाही लागू आहे. आपल्याकडेही कायद्याखाली नियम असतातच आणि ते वाचायला कुणी बैठक बोलावत नाही.

वॉशिंग्टन राज्यात २०१२चा ‘आय-५०२’ जवळपास ५६ टक्क्यांनी मंजूर झाला. त्याला सर्वांत कडवा विरोध गांजावाल्यांचाच होता. घरी झाड लावायची परवानगी नाही, आणि वाहनचालकाच्या रक्तात टीएचसी, म्हणजे गांजातलं नशा आणणारं रसायन, ५ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर सापडलं की गाडी नीट चालवत असला तरी गुन्हा. रोज औषध म्हणून घेणाऱ्यांच्या रक्तात ते कायमच राहतं, अशी त्यांची तक्रार होती. मसुदा करणाऱ्यांचं उत्तर असं की ही अट नसती तर मधला मतदार आलाच नसता. दोघांचंही खरं होतं. मसुदा निघाला, आणि पुढे २०१६मध्ये रुग्णांच्या सामूहिक बागा बंदही झाल्या.

ओहायोत २०१५ला मसुद्यातच १० लागवडीच्या जागा नावानिशी ठरवल्या होत्या, त्या पैसे लावणाऱ्यांच्या मालकीच्या. सुमारे ६४ टक्के लोकांनी तो फेटाळला, त्यात कायदा बदलू पाहणारेही होते. २०२३मध्ये त्याच राज्यात, घरच्या झाडांच्या मुभेसह, ५७ टक्क्यांनी दुसरा मसुदा आला. म्हणजे पाडणाऱ्यांनी ८ वर्षं गमावली आणि मक्तेदारी टाळली. हा सौदा कुणाला स्वस्त वाटेल, कुणाला नाही. ती ८ वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढण्यात गेलेल्या माणसाला विचारून मग मत बनवावं.

आपल्याकडे एक मोठा फरक आहे. तिथे सह्या जमवून मसुदा थेट मतदानाला जातो, म्हणून एकेका ओळीवर हाणामारी होते. आपल्याकडे सार्वमताची सोयच नाही. पतियाळाचे खासदार धर्मवीर गांधी यांनी २०१६मध्ये सौम्य आणि घातक पदार्थ वेगळे करणारं खासगी विधेयक पुढे आणलं, त्याचा कायदा झाला नाही. खासगी विधेयक मंजूर होऊन शेवटचा कायदा झाला तो १९७०मध्ये. तेव्हा ‘मिळेल ते घ्या’ म्हणणाऱ्यांनी हेही सांगावं की देणारा कोण आहे. आम्ही एकच कसोटी लावू : मसुद्यामुळे पुढची पायरी बंद होते का? ओहायोच्या पहिल्या मसुद्यानं होत होती. वॉशिंग्टनच्या मसुद्यानं अवघड झाली, बंद नाही.

२० एप्रिलला येऊरला जमून उघडपणे ओढायचं, अटक करवून घ्यायची आणि बातमी करायची, असा तरुण मुलांचा आग्रह आहे. सत्याग्रहच ना हा? (घोडबंदर रोड)

असं करू नका. येऊर संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं, म्हणजे वन खात्याचा वेगळा गुन्हा अंगाला लागेल. सेवनासोबत जमवून आणणाऱ्यांवर कलम २९चं, म्हणजे चिथावणी आणि कटाचं, बालंट येऊ शकतं. ज्यानं बंगला किंवा हॉल दिला त्याच्यावर कलम २५. कुणी सगळ्यांसाठी एकत्र आणलं असेल तर तो ‘स्वतःपुरतं’ म्हणू शकत नाही. आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी २०१०मध्ये अल्प प्रमाणाचे गुन्हे जामीनपात्र म्हटले होते, तर २०२०मध्ये त्याच न्यायालयात एनडीपीएसचे सगळेच गुन्हे अजामीनपात्र असल्याचा निकाल आला. पोलीस ठाण्यातून संध्याकाळी सुटून येऊ, या हिशेबावर कुणाच्या मुलाला तिथे नेऊ नका.

तरुणांना हवं ते धाडस दुसरीकडे वळवता येतं. ‘अल्प प्रमाणाचे गुन्हे जामीनपात्र’ हे शब्द कायद्यात स्पष्ट लिहा, अशी एकच ओळीची मागणी घेऊन बेलापूरच्या कोकण भवनासमोर परवानगी काढून बसा. या मागणीवर दोन्ही गटांचं भांडण नाही.

ठाणे स्टेशनबाहेर १० हजार सह्या गोळा करायच्या ठरल्या आहेत. काय काळजी घ्यावी? काही जण म्हणतात वेळ फुकट जातो. (कळवा)

कायद्याच्या दृष्टीनं सह्यांना वजन नाही. खासदारासमोर मात्र आहे, तेही त्याच्या मतदारांच्या असतील तर. इथेच बहुतेक मोहिमा फसतात. स्टेशनवर उभा राहणारा माणूस कुठला आहे ते कागदावर येत नाही आणि सगळा गठ्ठा एकाच कार्यालयात जातो. ठाणे लोकसभेत ठाणे शहर, मीरा-भाईंदर यांच्यासोबत ऐरोली आणि बेलापूर हे विधानसभा मतदारसंघही येतात. म्हणजे वाशी, नेरूळवाल्यांचा खासदार तोच. पण कळवा-मुंब्रा आणि डोंबिवली कल्याण लोकसभेत, कल्याण पश्चिम भिवंडीत, आणि खारघर-कामोठे-पनवेल मावळमध्ये. तुम्ही स्वतः कळव्याचे आहात. तुमची सही ठाण्याच्या गठ्ठ्यात गेली तर वाया. चार रंगांचे कागद ठेवा आणि सहीआधी ‘मतदान कुठे?’ एवढंच विचारा.

कागदावर रकाने चार : नाव, पिनकोड, विधानसभा मतदारसंघ, सही. मोबाइल नंबर मागू नका, सही करणारा तिथेच मागे सरतो. ‘तुम्ही घेता का?’ हा प्रश्न तर चुकूनही नको. मागणीचा मजकूर प्रत्येक पानाच्या डोक्यावर छापा, नाहीतर नंतर ‘आम्ही ड्रेनेजसाठी सही केली होती’ म्हणणारे भेटतात.

स्टेशनचं आवार रेल्वेचं आहे, तिथे टेबल टाकू नका. बाहेर रस्त्यावर टाकायचं तर प्रभाग समिती कार्यालयाची आणि पोलीस ठाण्याची, दोन्हींची लेखी परवानगी हवी. आयुक्तालयाच्या हद्दीत महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७चे जमावबंदीचे आदेश वारंवार निघतात. तारीख ठरवायच्या आदल्या आठवड्यात आदेश लागू आहे का ते बघा.

लोकसभेत रीतसर याचिका द्यायची असेल तर ती ठरावीक नमुन्यात आणि खासदाराच्या प्रतिसहीनं जाते, आणि न्यायालयाच्या कक्षेतल्या विषयावर घेतली जात नाही. म्हणजे ‘कोर्टात जाऊ’ आणि ‘संसदेत जाऊ’ हे तुमच्या गटातले दोन कंपू एकमेकांची वाट अडवू शकतात. ग्रेट लीगलायझेशन मूव्हमेंट इंडिया ट्रस्टनं दिल्ली उच्च न्यायालयात बंदीलाच आव्हान दिलं. कोर्टात मागितली नाही तीच मागणी, उदाहरणार्थ जामीनपात्रतेची, याचिकेत घ्या.

आमच्याकडे आकडेच नाहीत. माहिती अधिकारात अर्ज केला तर ‘तपासाला बाधा’ म्हणून फेटाळला. (वाशी)

तुम्ही प्रकरणांची माहिती मागितली असेल. संख्या मागा. महाराष्ट्राच्या नियमात अर्ज एका विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा. नमुना असा :

‘विषय : एनडीपीएस कायद्याखालील गुन्ह्यांची संख्या. कालावधी : १ जानेवारी २०२२ ते ३१ डिसेंबर २०२४. माहिती : (१) केवळ कलम ८(क) सह २७खाली नोंदलेले गुन्हे, वर्षनिहाय. (२) गांजा १ किलोपेक्षा कमी असलेले कलम २०खालील गुन्हे, वर्षनिहाय. (३) वरीलपैकी आरोपीनं गुन्हा कबूल केल्यानं निकाली निघालेले. व्यक्तींची नावं वा तपासाची कागदपत्रं नकोत.’

१० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. उत्तराला ३० दिवस. न आल्यास किंवा नकार आल्यास ३० दिवसांत पहिलं अपील, त्याला २० रुपये. त्यानंतर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या कोकण खंडपीठाकडे. तुमच्यासाठी जन माहिती अधिकारी नवी मुंबई आयुक्तालयाचा. ठाणे आयुक्तालयात मुंब्रा, भिवंडी, कल्याण, उल्हासनगर, बदलापूर येतं. शहापूर-मुरबाड ठाणे ग्रामीण पोलिसांकडे आणि मीरा-भाईंदर २०२०पासून वेगळं. ‘ठाणे जिल्हा’ म्हणून एकच अर्ज टाकला की तो टेबलाटेबलावर फिरत बसतो.

तिसरा मुद्दा सर्वांत मोलाचा आहे. विधी सेंटर फॉर लीगल पॉलिसी या अभ्याससंस्थेनं मुंबईतल्या दंडाधिकारी न्यायालयांचे निकाल तपासले तेव्हा बहुसंख्य प्रकरणं गांजाच्या सेवनाची आणि कबुलीवर संपलेली दिसली. आपल्या दोन आयुक्तालयांतही तसंच निघतं का, हे आकड्यानं दाखवता आलं तर गटातल्या निम्म्या वादाला विषयच उरणार नाही.

माझ्या मुलाला कलम २७खाली पकडलं. कोर्टात कबूल केलं, दंड भरला, संध्याकाळी घरी आला. आता चळवळीतली मंडळी म्हणतात कबूल करायला नको होतं; व्यसनमुक्तीवाले म्हणतात ६४-अ वापरायचं होतं; तर चळवळीतलेच दुसरे म्हणतात ६४-अ हाच सापळा. आम्ही काय समजायचं? (नेरूळ)

ताई, तिघंही आपापल्या जागेवरून बोलताहेत. कबुलीचं काय होतं ते आधी बघू. ३ वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे हे गुन्हे संक्षिप्त पद्धतीनं चालवता येतात. वकिलाची फी दंडापेक्षा जास्त, रोज मजुरी बुडते, म्हणून माणूस ‘कबूल’ म्हणतो आणि पावती घेऊन निघतो. ती पावती म्हणजे दोषसिद्धी. पोलीस पडताळणीत ती दिसते, आणि पुन्हा तसाच गुन्हा झाला तर कलम ३१नं शिक्षा दीडपटीपर्यंत वाढू शकते. महापे-रबाळेच्या कंपन्यांत गेटपासला पोलीस दाखला मागतात, तिथे हे आडवं येतं. खटला लढवला असता तर पंचनामा, वैद्यकीय तपासणी, नमुन्याचा अहवाल हे सगळं पोलिसांना सिद्ध करावं लागलं असतं. पुडी सापडली असेल तर पंचनाम्यात ‘उग्र वासाचा, हिरवट रंगाचा, पानं, काड्या, बिया असलेला’ असं ठरलेलं वाक्य असतं आणि वजन सगळ्याचं मिळून. शेंडे किती, पानं किती हे वेगळं केलेलं नसतं. वकिलानं हा मुद्दा काढला की बऱ्याचदा खिंड सापडते.

कलम ६४-अ असं : व्यसनी माणूस स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचाराला गेला तर कलम २७ किंवा अल्प प्रमाणाच्या खटल्यातून त्याला सूट मिळते. उपचार मध्येच सोडले तर सूट काढून घेता येते. अडचण ‘व्यसनी’ या शब्दात आहे. कायद्यात व्यसनी म्हणजे पदार्थावर अवलंबून असलेला. शनिवारी मित्रांसोबत दोन झुरके घेणाऱ्याला सूट हवी तर आधी स्वतःला व्यसनी म्हणवून घ्यावं लागतं. २०१९ला प्रसिद्ध झालेल्या एम्सच्या राष्ट्रीय पाहणीत वर्षभरात भांग-गांजा-चरस घेतलेले ३.१ कोटी लोक होते. मदतीची गरज असलेले सुमारे ७२ लाख, म्हणजे साधारण चारांत एक. उरलेल्या तिघांना खाटा दिल्या तर दारू आणि हेरॉइनवाल्यांना कुठून मिळणार? ‘जेलऐवजी उपचार’ ही २०२१ला सामाजिक न्याय मंत्रालयानं सुचवल्याची बातमी आली तेव्हा चळवळीत फूट पडली ती इथेच. एक बाजू म्हणाली, जेल तर टळला. दुसरी म्हणाली, कुलूप बदललं. आमचं मत असं की ६४-अमधली ‘व्यसनी’ ही अट काढा आणि उपचार मागणाऱ्याच्याच मर्जीवर ठेवा. २०१७चा मानसिक आरोग्य कायदाही व्यसनाच्या आजारात माणसाच्या संमतीला महत्त्व देतो, त्याचा आधार घ्या.

आणि व्यसनमुक्तीवाल्यांना शत्रू समजू नका. कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा धोका वाढतो, हे ते रोज पाहतात. ‘गांजानं काहीच होत नाही’ असं पत्रकावर छापलं की ते पहिल्याच मिनिटाला उठून जातात, आणि त्यांच्याबरोबर पालकही.

‘आधी हेम्प, मग गांजा’ हा मार्ग सोपा नाही का? शेतकरी पाठीशी येतील. (डोंबिवली)

हेम्प म्हणजे धागा-बियांसाठी लावलेलं, नशा जवळजवळ नसलेलं गांजाचंच झाड. शेतकरी येतील, ओढणारा सुटणार नाही. उत्तराखंडनं २०१८मध्ये ०.३ टक्के टीएचसीच्या आतल्या झाडांना परवाने दिले, हिमाचलच्या विधानसभेनं २०२४मध्ये औषधी-औद्योगिक लागवडीचा अहवाल स्वीकारला, २०२१मध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं बिया, तेल आणि पीठ खाद्य म्हणून मान्य केलं. या सगळ्यात कलम २०चं एक अक्षर हललं नाही. शिवाय हेम्प पिकवणाऱ्याला शेजारी घरगुती गांजा नको असतो, कारण परागकण वाऱ्यानं येऊन त्याच्या पिकाचं बियाणं बिघडतं. हितसंबंध एक नाहीत, फक्त झाड एक आहे. हेम्पला पाठिंबा द्या, पण ती आपली पहिली पायरी आहे असं लोकांना सांगू नका.

भाषणात वापरायचे काही मुद्दे पाठवत आहे, तपासून द्या : (१) १९८५पर्यंत गांजा सगळीकडे खुला होता. (२) संयुक्त राष्ट्रांनी २०२०मध्ये गांजा कायदेशीर केला. (३) इंग्रजांच्या आयोगानंही गांजा निर्धोक म्हटलं. (सीबीडी बेलापूर)

(१) महाराष्ट्रात नाही. इतर अनेक राज्यांत सरकारी परवान्याची दुकानं होती, पण इथे १९४९चा दारूबंदी कायदा आधीपासून होता. बेलापुरात हे वाक्य बोललात तर पहिला वकील हात वर करेल. (२) २ डिसेंबर २०२०ला २७ विरुद्ध २५ मतांनी गांजा १९६१च्या कराराच्या चौथ्या, म्हणजे सर्वांत कडक यादीतून निघाला. भारतानं बाजूनं मत दिलं, हे जरूर सांगा. पहिल्या यादीत तो आहेच. (३) १८९३-९४च्या आयोगानं ११९३ साक्षीदार ऐकून माफक सेवनाचे दुष्परिणाम जवळजवळ नाहीत असं म्हटलं, अति सेवनाचे आहेत असंही म्हटलं, आणि बंदीऐवजी कर व नियंत्रण सुचवलं. दुसरा भाग गाळू नका.

चौथा मुद्दा आमच्याकडून घ्या. २०१४च्या दुरुस्तीत व्याख्येच्या एका उपखंडाचा क्रमांक सरकला आणि पैसा पुरवणाऱ्यांवरचं कलम २७-अ जुन्याच क्रमांकाकडे बोट दाखवत राहिलं. २०२१मध्ये त्रिपुरा उच्च न्यायालयानं ते दाखवलं, मग अध्यादेश काढून डिसेंबरात दुरुस्ती झाली. सरकारचे मसुदाकार ७ वर्षं हे बघत नव्हते. तुमच्या गटाचा मसुदा बाहेर जाण्याआधी कुणीतरी एकट्यानं बसून त्यातला प्रत्येक कलम क्रमांक मूळ कायद्याशी ताडून पाहू द्या. त्याच्याशी त्या दिवशी कुणी वाद घालू नये.